पाळी थांबते ती मेंदूत

लग्न ठरलं की आपल्याकडे दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. एकीकडे केळवणं: मावशीकडे, आत्याकडे, शेजारच्या काकूंकडे, बाबांच्या ऑफिसातल्या मित्रांकडे. दुसरीकडे नवरीचं डाएट. ताटात पुरणपोळी, तिच्यावर तुपाची धार, आणि नवरी म्हणते, "काकू, अर्धीच." घरी आल्यावर त्या अर्धीचीही भरपाई म्हणून रात्रीचं जेवण बंद. मुहूर्त तीन महिन्यांवर आलेला असतो आणि ब्लाउजचं माप एक इंच कमी करूनच शिंप्याकडे दिलेलं असतं. साखरपुडा ते लग्न एवढ्या काळात आठ-दहा किलो उतरवणाऱ्या मुलींचं आता कुणाला नवल वाटत नाही. त्यातल्या काहींची पाळी या दिवसांत मागेपुढे होते, एखादीची दोन-दोन महिने येतच नाही. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: लग्नाचं टेन्शन. टेन्शन असतंच, पण त्याच्या जोडीला उपाशीपणाही असतो आणि त्याचं नाव कुणी काढत नाही. उलट काही घरांत हायसंच वाटतं. नाहीतरी तारीख नेमकी मुहूर्तावर येत होती, पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या वाचल्या!

पाळी थांबली म्हटलं की सगळ्यांचं लक्ष ओटीपोटाकडे जातं. सोनोग्राफी होते, गर्भाशय बघितलं जातं, बीजकोश बघितले जातात. डाएटमुळे थांबलेल्या पाळीत हे अवयव बहुधा धडधाकट निघतात. गोष्ट घडलेली असते ती खूप वर, मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस नावाच्या छोट्याशा भागात. तिथे जेमतेम हजार-दीड हजार पेशी जीएनआरएच नावाचं संप्रेरक सोडत असतात. (या पेशी मुळात मेंदूतल्या नव्हेतच. गर्भावस्थेत त्यांचा जन्म नाकाच्या भागात होतो आणि तिथून सरकत सरकत त्या मेंदूत जाऊन बसतात.) त्यांचा इशारा मिळाला की पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरकं रक्तात सोडते. त्यांच्यामुळे बीजकोशात बीज पिकतं, इस्ट्रोजेन तयार होतं, गर्भाशयाचं अस्तर वाढतं. गर्भ राहिला नाही की ते अस्तर पाळीच्या रूपाने बाहेर पडतं.

हा इशारा अखंड चालू नसतो, ठोक्याठोक्याने येतो. अर्न्स्ट नोबिल या शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या पिट्सबर्ग इथे ऱ्हीसस माकडिणींवर केलेल्या प्रयोगांतून ते स्पष्ट झालं. ज्या माकडिणींच्या मेंदूतला हा स्रोत बंद केला होता, त्यांना जीएनआरएच तासातून एकदा टोचल्यासारखं दिलं की पिट्युटरीचं काम पूर्ववत सुरू व्हायचं. तेच संप्रेरक सलग सोडत राहिलं की सगळं ठप्प. निरोगी तरुणीत चक्राच्या पूर्वार्धात साधारण दर तास-दीड तासाला एक ठोका पडतो. पोटाची ओढाताण सुरू झाली की ठोक्यांमधलं अंतर वाढत जातं. फारच ओढाताण झाली तर तिथे जवळजवळ शांतता पसरते, वयात न आलेल्या मुलीच्या शरीरात असते तशी. तीस वर्षांच्या बाईच्या रक्ततपासणीत दहा वर्षांच्या मुलीसारखे आकडे येतात ते यामुळेच.

मेंदू असं का करतो? घरातला पगार अचानक निम्मा झाला तर भाडं, वीजबिल, किराणा थांबवता येत नाही. घराला रंग काढायचा बेत मात्र पुढच्या दिवाळीवर जातो. शरीराचंही तेच. हृदय, फुफ्फुसं, मेंदू यांचा खर्च टाळता येत नाही. मूल होऊ देणं हा पुढे ढकलता येण्याजोगा खर्च आहे, आणि तो थोडाथोडका नाही. एका गर्भारपणात रोजच्या गरजेव्यतिरिक्त सुमारे ७५ ते ८० हजार कॅलरी लागतात, त्यानंतर अंगावर पाजण्याचा दिवसाला चार-पाचशे कॅलरींचा खर्च वेगळा. आज पोट भरत नसेल तर नऊ महिन्यांनी ते भरेल याची खात्री कोण देणार? मग बीजच पिकू द्यायचं नाही, हा त्यातला शहाणपणाचा मार्ग.

माणसांच्या इतिहासात हे मोठ्या प्रमाणावर पाहायला मिळालं ते दुष्काळांत. आपल्या दख्खनच्या १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात मृत्यूंचे आकडे चढले तसे जन्मांचे उतरले. पण सगळ्यांत बारकाईने अभ्यास झाला तो नेदरलँड्समधल्या 'भुकेच्या हिवाळ्या'चा. १९४४ च्या सप्टेंबरात डच रेल्वे कामगारांनी संप केला, त्याचा सूड म्हणून जर्मनांनी पश्चिमेकडच्या शहरांचा अन्नपुरवठा तोडला, आणि पाठोपाठ कालवे गोठवणारी थंडी आली. ॲमस्टरडॅम, रॉटरडॅम, हेग इथलं माणशी रेशन दिवसाला हजार कॅलरींच्या खाली गेलं. १९४५ च्या सुरुवातीला तर त्याच्याही निम्म्यावर. लोकांनी ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले. कितीतरी बायकांची पाळी बंद झाली आणि नऊ महिन्यांनी या शहरांतले जन्म नेहमीच्या सुमारे निम्म्यावर आले. मे १९४५ मध्ये देश मोकळा झाला, भाकरी आली, आणि काही महिन्यांत पाळण्यांची संख्या पुन्हा वाढली. एवढ्या सगळ्या बायकांच्या बीजकोशांत एकाच वेळी रोग झाला आणि एकाच वेळी बरा झाला असं तर म्हणता येणार नाही.

त्या हिवाळ्यात आर्नेमजवळच्या व्हेल्प गावात ऑड्री हेपबर्न नावाची पंधरा वर्षांची मुलगी राहत होती. कुपोषण, रक्तक्षय, अंगावर सूज, असं सगळं तिने सोसलं. पुढे ती हॉलिवुडची मोठी नटी झाली, आणि तिची ती बारीक कंबर, ती उंच मान जगभरच्या मुलींनी आदर्श म्हणून डोळ्यांपुढे ठेवली. तिच्या बांध्यात भुकेचा वाटा किती आणि जन्मजात घडणीचा किती, हे सांगणं अवघड आहे. पण दुष्काळातून वाचलेल्या मुलीसारखं दिसण्यासाठी धान्याने भरलेल्या घरातल्या मुलींनी उपाशी राहावं, हे मला तरी विचित्र वाटतं.

शांततेच्या काळात भरल्या घरातली पाळी का थांबते, या प्रश्नाचं पहिलं गाजलेलं उत्तर हार्वर्डच्या रोझ फ्रिश यांनी १९७४ मध्ये दिलं. त्यांचं म्हणणं असं, की पहिली पाळी यायला शरीरात किमान १७ टक्के चरबी लागते आणि ती नियमित राहायला सुमारे २२ टक्के. आकडे सुटसुटीत होते, म्हणून ते सगळीकडे पसरले. आजही जिमच्या भिंतीवरच्या तक्त्यांत ते अधूनमधून भेटतात. अडचण एवढीच होती, की तेवढीच चरबी असलेल्या दोन धावपटूंपैकी एकीची पाळी वेळेवर यायची आणि दुसरीची वर्षभर यायची नाही. शिवाय, कितीतरी मुलींची पाळी वजन उतरण्याआधीच, डाएट सुरू केल्यावर महिन्याभरातच बिघडते. चरबी अजून अंगावर असताना!

हा गुंता सोडवला ॲन लाउक्स या अमेरिकन संशोधिकेने. ओहायो विद्यापीठात त्यांनी पाळी नियमित असलेल्या, फारसा व्यायाम न करणाऱ्या २९ तरुणी घेतल्या. प्रत्येकीचं खाणं मोजून दिलं, ट्रेडमिलवरचं चालणंही मोजून करवलं, आणि व्यायामाचा खर्च वजा जाता शरीराच्या हाती रोज नेमकी किती ऊर्जा उरेल हे पाच दिवस आपल्या मुठीत ठेवलं. नंतर चोवीस तास थोड्या थोड्या वेळाने रक्त घेऊन एलएचचे ठोके मोजले. २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: चरबी सोडून उरलेल्या वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ३० कॅलरींपर्यंत ठोक्यांत फरक पडला नाही, त्याखाली ते मंदावू लागले. पाच दिवसांत! याआधीच्या प्रयोगात त्यांनी हेही दाखवलं होतं, की भरपूर व्यायाम करूनही त्याप्रमाणात खायला मिळालं तर ठोके ठीक राहतात. दोष व्यायामाच्या थकव्याचा नसतो, तो न भरलेल्या खर्चाचा असतो.

हा हिशेब आपल्याकडच्या एखाद्या मुलीला लावून बघू. वजन ५२ किलो, त्यात पाव भाग चरबी धरली तर चरबीविरहित वजन ३९ किलो. सगळं आलबेल असताना तिला किलोमागे साधारण ४५ प्रमाणे १,७५५ कॅलरी हाती उरायला हव्यात, आणि ३० ची पातळी म्हणजे १,१७०. आता मोबाइलवर मिळणारा एक लोकप्रिय डाएट प्लॅन १,२०० कॅलरींचा. सकाळी लिंबू-मधाचं कोमट पाणी, नाश्त्याला वाटीभर पोहे, दुपारी दोन फुलके, पातळ डाळ आणि काकडी, संध्याकाळी मूठभर मखाणे, रात्री दुधीचं सूप. प्लॅन पाहिला तर ती १,१७० च्या वरच आहे असं वाटतं. पण ती तासभर झुंबालाही जाते, तिथे ३०० कॅलरी जातात. उरल्या ९०० आणि किलोमागे २३. तिचं वजन ५२ आहे, उंचीला शोभणारं आहे, कुणी तिला 'किती खंगलीस गं' म्हणणार नाही. तिच्या मेंदूच्या हिशेबी मात्र घरात दुष्काळ पडलेला आहे.

३० ही लक्ष्मणरेषा नव्हे, हेही सांगायला हवं. नंतरच्या अभ्यासांत असं दिसलं, की शिल्लक जसजशी घटते तसतसा पाळी बिघडण्याचा धोका वाढत जातो, एखादीला तो आधी गाठतो, एखादीला उशिरा. लाउक्स यांनीच २००६ मध्ये दाखवलं, की पहिली पाळी येऊन पाच-आठ वर्षं झालेल्या मुलींमध्ये ठोके चटकन मंदावतात, चौदा वर्षं उलटलेल्या बायकांत पाच दिवसांच्या ओढाताणीने तसं होत नाही. म्हणजे आई आणि मुलीने एकत्र, एकच डाएट सुरू केलं तर आईला काही होणार नाही आणि अठरा-वीस वर्षांच्या लेकीची पाळी जाईल, असं घडू शकतं. "मीपण तेच खातेय, मला बरं काही होत नाही!" या आईच्या युक्तिवादाला म्हणूनच फारसा अर्थ नाही.

हाती किती उरलं, हे मेंदूला कळतं कसं? अनेक वाटांनी. त्यातली एक महत्त्वाची वाट १९९४ मध्ये सापडली. न्यू यॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने चरबीच्या पेशींतून स्रवणारं लेप्टिन शोधून काढलं. ज्या उंदरांत ते जन्मतःच नसतं ते अतोनात लठ्ठ असतात, आणि तरीही त्यांना पिल्लं होत नाहीत. बाहेरून लेप्टिन दिल्यावर ती होऊ लागली. अंगावर चरबीचे ढीग असले तरी लेप्टिनचा निरोप पोचला नाही तर मेंदू स्वतःला उपाशीच समजतो. आणि खाणं तोडलं की लेप्टिन दोन-तीन दिवसांत खाली येतं, चरबी वितळायच्या कितीतरी आधी. २००४ मध्ये पाळी बंद झालेल्या आठ स्त्रियांना लेप्टिनची इंजेक्शनं दिली गेली, तेव्हा वजन न वाढताही त्यांच्यापैकी तिघींमध्ये बीज सुटून पाळी आली. उपचार म्हणून हे बाजारात आलेलं नाही, पण यंत्रणा कुठे अडते ते त्यातून लख्ख दिसलं.

आणखी एका जुन्या प्रयोगाची आठवण इथे करून द्यायला हवी. म्युनिकमध्ये १९८० च्या दशकात निरोगी वजनाच्या १८ तरुणींना सहा आठवडे डाएटवर ठेवलं, आठवड्याला किलोभर वजन उतरेल अशा बेताने. निम्म्या शाकाहारी, निम्म्या मिश्राहारी. शाकाहारी गटातल्या नऊपैकी सात जणींचं बीज सुटणं थांबलं. मिश्राहारी गटात नऊपैकी सात जणींचं चालू राहिलं. आपल्याकडच्या वाचकाने यावरून वरण-भात-भाजीवर शंका घ्यायचं कारण नाही. शाकाहारी जेवण भरपेट असेल तर त्याने पाळी जात नाही. पण चोथ्याने पोट लवकर भरणाऱ्या जेवणात कपात केली की उरतं ते फारच थोडं, असा त्याचा अर्थ मी लावते. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे पाळी दिसत राहूनही बीज सुटणं बंद झालेलं असू शकतं. आधी चक्राचा उत्तरार्ध आखडतो, मग बीज सुटणं थांबतं, मग पाळी लांबते, आणि सगळ्यांत शेवटी ती बंद होते. महिन्याच्या महिन्याला येतेय म्हणून सगळं ठीक, असं समजणारी मूल हवं असलेली बाई वर्षभर वाट पाहत राहते.

उपासांचं काय, असा प्रश्न येणारच. संकष्टीच्या उपासाने कुणाची पाळी गेल्याचं ऐकिवात नाही, आणि जाणारही नाही. शेंगदाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी, वर दही, मग राजगिऱ्याचा लाडू: एकादशी दुप्पट खाशी ही म्हण उगाच नाही पडली. पण आता सोमवार, चतुर्थी, नवरात्र यांना डाएटचा मुलामा चढलाय. देवाचाही उपास होतो आणि वजनही उतरतं, या हिशेबाने नवरात्रात नऊ दिवस पाणी-फळांवर राहून रोज रात्री तीन तास दांडिया खेळणारी मुलगी लाउक्स यांच्या प्रयोगाच्याही पुढे गेलेली असते.

आता सगळ्यांत त्रासदायक गोष्टीकडे येते. बारीक अंगाची मुलगी, तीन महिने पाळी नाही. सोनोग्राफीच्या अहवालात लिहून येतं की बीजकोशांत बऱ्याच बारीक पुटिका दिसतात. झालं, 'पीसीओडी'चा शिक्का बसतो. डाएटमुळे पाळी गेलेल्या कितीतरी जणींच्या बीजकोशांतही अशा पुटिका दिसतात. इशारा न मिळाल्यामुळे बीजं अर्ध्या वाटेवर थांबलेली असतात, एवढंच. पण पीसीओडी म्हटलं की शेजारीपाजारी, नातेवाईक, इंटरनेट आणि कधी कधी डॉक्टरही एकच सांगतात: वजन कमी कर, गोड बंद कर, व्यायाम वाढव. उपाशीपणाने आजारी पडलेल्या मुलीला औषध म्हणून आणखी उपास! दोन्हींत फरक ओळखता येतो. पीसीओएसमध्ये, म्हणजे ज्याला सर्रास पीसीओडी म्हणतात त्यात, पुरुषी संप्रेरकं बहुधा वाढलेली असतात, हनुवटीवर केस येतात, गर्भाशयाचं अस्तर जाडसर असतं. इथे एलएच कमी, इस्ट्रोजेन कमी, अस्तर पातळ. 'पाळी आणायच्या' प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या पाच-दहा दिवस देऊनही काहीच आलं नाही, तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा हाच की बाहेर पडायला अस्तर तयारच झालेलं नव्हतं. डॉक्टरांनी रोजचं खाणं आणि व्यायाम तपशिलाने विचारला तर अर्धं निदान तिथेच होतं. ते विचारत नसतील तर आपणहून सांगावं, वजन किती काळात किती उतरवलं तेही सांगावं.

एक पळवाट असते ती गर्भनिरोधक गोळ्यांची. गोळ्यांचं पाकीट संपलं की रक्तस्राव होतो, आई निश्चिंत होते, मुलगी निश्चिंत होते. तो स्राव गोळ्यांनी आणलेला असतो. वरची यंत्रणा पूर्वीइतकीच गप्प असते आणि हाडं पूर्वीइतकीच झिजत असतात. इस्ट्रोजेन हाडं राखतं. हाडांची जवळजवळ सगळी ठेव विशीच्या सुरुवातीपर्यंत जमा होऊन जाते, नंतर फारशी भर पडत नाही. ज्या वयात ही ठेव वाढायची त्याच वयात इस्ट्रोजेन गेलं तर ती पुढे पुरती भरून निघेलच असं नाही. मेरी केन ही अमेरिकेची अव्वल धावपटू. वजन उतरवण्याच्या दबावाखाली तीन वर्षं आपली पाळी बंद होती आणि त्या काळात पाच वेळा हाड मोडलं, असं तिने २०१९ मध्ये जाहीरपणे सांगितलं, तेव्हा खेळाच्या जगात मोठी खळबळ माजली. अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांच्या अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने २०१७ मध्ये दिलेली शिफारस स्पष्ट आहे: केवळ पाळी आणण्यासाठी किंवा हाडांसाठी या गोळ्या देऊ नयेत, पाळी सहा महिने किंवा जास्त बंद असेल तर हाडांची घनता मोजावी.

एवढं सगळं वाचून कुणी असं समजू नये, की वजन कमी करणंच वाईट. महाराष्ट्रातलं चित्रच असं आहे की एकच सल्ला सगळ्यांना देता येत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २१ टक्के कमी वजनाच्या आणि सुमारे २३ टक्के जास्त वजनाच्या होत्या. रक्तक्षय तर निम्म्याहून अधिक जणींना. लठ्ठपणा असलेल्या, पीसीओएस असलेल्या बाईने पाच ते दहा टक्के वजन सावकाश उतरवलं तर पुष्कळदा तिचं बीज सुटू लागतं, हे पक्कं माहीत आहे. घोटाळा होतो तो हा सल्ला चुकीच्या मुलीच्या मोबाइलवर पोचतो तेव्हा, आणि 'सावकाश' हा शब्द वाटेत गळून पडतो तेव्हा. आयव्हीएफच्या आधी घाईघाईने वजन पाडण्यातही फारसं हशील नाही. स्वीडन आणि इतर नॉर्डिक देशांत लठ्ठ स्त्रियांवर झालेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आयव्हीएफपूर्वी अगदी कमी कॅलरींवर ठेवलेल्या गटात वजन बरंच उतरलं, पण मुलं जन्मण्याचं प्रमाण त्यामुळे वाढलं नाही.

दिवस गेल्यावर खाईन की व्यवस्थित, असं पुष्कळ जणी म्हणतात. पण बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांच्या आत बंद होते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात, पुष्कळ जणींना पत्ताही नसतो. ती नीट मिटायला फोलेट लागतं, आणि ते शरीरात आधीच असावं लागतं. अमेरिकेत १९९८ पासून पिठातच फोलिक ॲसिड मिसळतात. आपल्या गिरणीतून दळून आणलेल्या पिठात तसं काही नसतं. आपलं फोलेट येतं डाळी, उसळी आणि पालेभाज्यांतून. कीटो डाएटमध्ये कर्बोदकांच्या नावाखाली आधी डाळी-उसळींवरच कुऱ्हाड पडते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. त्या डाएट करत नव्हत्या, शेतात राबत होत्या. सरासरी वजन ४२ किलोंच्या आसपास. त्यांच्या बाळांचं वजन सरासरी २.७ किलोंच्या आतबाहेर होतं. आणि बाळाच्या आकाराचा संबंध आईने किती कॅलरी खाल्ल्या याच्यापेक्षा ती हिरव्या पालेभाज्या, फळं किती वेळा खाते याच्याशी अधिक दिसला. गावातल्या बाईला जे परवडत नव्हतं ते शहरातली मुलगी पैसे देऊन वगळते.

वजन उतरवायच्या या धडपडीत आता भूक कमी करणाऱ्या इंजेक्शनांची भर पडली आहे. २०२५ च्या मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही भारतात आलं. मधुमेहाच्या आणि लठ्ठपणाच्या रुग्णांसाठी ही औषधं खरोखर उपयोगी आहेत. पण ज्यांना ती लिहून दिलेली नाहीत अशाही बायका लग्नसराईसाठी ती घेऊ पाहतात, म्हणून तीन गोष्टी माहीत हव्यात. वेगोव्हीतलं सेमाग्लुटाइड मूल हवं असेल तर निदान दोन महिने आधी थांबवायचं असतं. आणि मौंजारोमुळे तोंडाने घेतलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होऊ शकतो. औषध सुरू केल्यावर आणि दर वेळी मात्रा वाढवल्यावर चार आठवडे दुसरं साधन वापरायला सांगितलं जातं. भूकच लागत नसल्यामुळे किती कमी खातोय हे या औषधांवर लक्षातही येत नाही, हा तिसरा मुद्दा, आणि आपल्या विषयाशी सर्वांत जवळचा.

थांबलेली पाळी परत कशी आणायची? खाणं वाढवून, व्यायाम कमी करून. सांगायला सोपं, करायला महाकठीण, कारण तोवर वजनकाटा हाच त्या मुलीचा न्यायाधीश झालेला असतो. १६ स्त्रियांवरच्या एका छोट्या अभ्यासात, २००३ मध्ये, आठ जणींना खाण्याबद्दलच्या, वजनाबद्दलच्या विचारांवर काम करणारं समुपदेशन दिलं, आठ जणींवर नुसतं लक्ष ठेवलं. पहिल्या गटात सहा जणींचं बीज सुटू लागलं, दुसऱ्या गटात एकीचं. तेव्हा ही नुसती आहारतज्ज्ञाची केस समजू नये. पाळी तीन महिने आली नाही किंवा दोन पाळ्यांमधलं अंतर सारखं ४५ दिवसांहून अधिक पडू लागलं, तर डॉक्टरांकडे जावं. आधी थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि गरोदरपण या तिन्हींच्या तपासण्या करून घ्याव्यात, कारण पाळी थांबण्याची कारणं डाएटखेरीज इतरही आहेत. मूल हवं म्हणून कमी वजनावरच बीज पिकवायची इंजेक्शनं सुरू करण्यापेक्षा बॉडी मास इंडेक्स आधी किमान १८.५ वर आणावा, असं तज्ज्ञ सांगतात.

खाणं सुधारल्यावर पाळी लगेच पुढच्या महिन्यात येईल असं नसतं. काही महिने जातात, कधी वर्षही. त्या काळात एक गोष्ट विसरली जाते. बीज आधी सुटतं आणि पाळी त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी येते. म्हणजे बऱ्या होत आलेल्या बाईला एकही पाळी न येता दिवस जाऊ शकतात, आणि पाळीच नाही तर काळजी कसली, असं समजून चालणाऱ्या जोडप्याला ते चौथ्या महिन्यात कळतं.